काय सोडायचं नाही

एमबीएच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला ‘तुझी मूल्यं कोणती’ असं विचारलं की उत्तर तयार असतं. प्रामाणिकपणा, टीमवर्क, नवं शिकायची तयारी. प्लेसमेंटच्या आधी कॉलेजात मॉक इंटरव्ह्यू होतात, तिथं ही यादी घोटून घेतलेली असते. ऑफर हातात आल्यावर मात्र यातलं काही आठवत नाही. तेव्हा डोक्यात चालतं ते असं: गाव किती लांब पडेल, पगार वेळेवर होईल का, वरचा साहेब कसा आहे, रविवार मोकळा मिळेल का, पाहुण्यारावळ्यांत सांगताना कंपनीचं नाव ओळखीचं वाटेल का. मुलं याला ‘अडचणी’ म्हणतात. माझ्या मते हीच त्यांची मूल्यं असतात, आणि संकोच न करता ती कागदावर मांडली तर निवड पुष्कळ सोपी होते.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्लोन स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एडगर शाइन यांनी 1961 पासून व्यवस्थापनाच्या 44 विद्यार्थ्यांचा माग ठेवला. शिकत असताना त्यांच्याशी बोलले, आणि दहा-बारा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठून कोणती नोकरी का धरली, का सोडली हे विचारलं. नोकऱ्यांचा प्रवास वेडावाकडा होता, पण सोडण्या-धरण्याची कारणं प्रत्येकाची पुन्हा पुन्हा तीच निघाली. त्यातून ‘करिअर अँकर’ ही कल्पना आली. निवड करायची वेळ आली तरी माणूस जी एक गोष्ट हातची जाऊ देत नाही, ती त्याचा अँकर. पुढं शाइन यांनी असे आठ अँकर मांडले. कुणाला आपल्या विषयातलं कसब जपायचं असतं, कुणाला माणसं आणि कारभार हाताळायचा असतो. कुणाला मोकळीक लागते, कुणाला स्थैर्य. कुणाला स्वतःचा धंदा उभा करायचा असतो, कुणाला समाजाच्या उपयोगी पडायचं असतं, कुणाला अवघड काम अंगावर घेतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि कुणाला नोकरी, घर, तब्येत यांचा मेळ बसलेला हवा असतो.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की हा अँकर प्रत्यक्ष काही वर्षं काम केल्याखेरीज नीट कळत नाही. बाविसाव्या वर्षी कुणी ‘मला आयुष्यात नेमकं काय हवंय ते ठरलेलं आहे’ म्हणालं, तर बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाचं तरी ठरलेलं असतं. वडिलांचं, मामाचं, क्लासच्या सरांचं. त्या वयात निदान एवढं कळू शकतं की आपण काय सोडायला तयार आहोत आणि काय नाही.

सगळंच धरून ठेवता येत नाही, हेही आधीच समजून घेतलेलं बरं. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी 1992 साली दहा मूलभूत मूल्यं वर्तुळात मांडून दाखवली. शेजारशेजारची मूल्यं एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरची भांडतात. सुरक्षितता आणि परंपरा एका बाजूला, नावीन्य आणि स्वतंत्रपणा त्यांच्या समोर. सत्ता आणि यश एका बाजूला, इतरांचं भलं पाहणं समोर. मुलं बायोडेटात ‘धाडसी’ आणि ‘स्थैर्य हवं’ हे दोन्ही लिहितात, आणि पहिल्याच नोकरीत या दोन्हींची टक्कर झाली की आपलंच काहीतरी चुकलं असं समजतात. चुकलेलं काही नसतं, ही ओढाताण माणसात असतेच.

मराठवाड्यात या वर्तुळातली सुरक्षिततेची बाजू जड आहे, आणि ती तशी असण्यामागं भक्कम कारणं आहेत. आठही जिल्ह्यांत शेती मुख्यतः पावसावरची. घर सोयाबीन किंवा कापसावर चालतं, आणि वर्षाचा हिशेब दोन-चार पावसांवर ठरतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा जे लेकरू पाचवी-सहावीत होतं ते आज बीबीए किंवा एमबीए करतंय. घागरींची रांग, सोयाबीन विकूनही न फिटलेली उधारी, बहिणीच्या लग्नासाठी काढलेला एकर, हे सगळं ज्यानं घरात पाहिलं त्यानं महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराला मान द्यावा यात कोतेपणा काय? बाहेरून येणारे काही वक्ते इथल्या मुलांना ‘रिस्क घ्या, नोकरी मागणारे होऊ नका’ असं सांगून जातात. ज्या घरात दर पावसाळ्यात रिस्कच घेतली जाते त्या घरातल्या मुलाला हे सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

खरा गुंता पुढं आहे. वडिलांची भीती आणि स्वतःचं मूल्य यांत मुलाला फरक करता येत नाही. वडिलांना हवं असतं की पोराला आपल्यासारखं आभाळाकडं बघत बसावं लागू नये. त्याचा घरोघरी लावला जाणारा अर्थ म्हणजे सरकारी नोकरी किंवा पुण्याचं पॅकेज. या दोन्हींच्या मध्ये जी पंचवीस प्रकारची कामं आहेत ती मुलाला दिसतच नाहीत.

आधी पॅकेज उघडून पाहू, कारण सर्वांत जास्त फसगत तिथंच होते. समजा पुण्यातली ऑफर 4.8 लाखांची आहे, म्हणजे महिन्याला 40,000. हा आकडा सीटीसीचा, कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा. मूळ वेतन 20,000 धरलं तर कंपनीनं भरायचा 12 टक्के पीएफ 2,400 यातूनच जातो. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी, म्हणजे 962. दहा टक्के ‘व्हेरिएबल’ असेल तर दरमहा 4,000 हातात नाहीत, ते वर्षाअखेर टार्गेट पाहून मिळणार किंवा न मिळणार. उरले 32,638. त्यातून स्वतःचा पीएफ 2,400 आणि व्यवसाय कर 200 गेला की खात्यात साधारण 30,000 येतात. खोलीतला आपला वाटा 7,000, मेस 4,000, येणं-जाणं 2,000, महिन्यातून एकदा गावी जाण्यायेण्याचे दीड हजार धरले तर शिल्लक साडेपंधरा हजार.

आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 3 लाखांची ऑफर आहे असं धरू. बजाज ऑटोचा प्रकल्प वाळूजला 1985 साली आला आणि त्याच्याभोवती पुरवठादारांची मोठी साखळी उभी राहिली. तिथं खरेदी, स्टोअर, पीपीसी (उत्पादनाचं नियोजन), डिस्पॅच, अकाउंट्स अशी एमबीएच्या मुलांना जागा असणारी खाती आहेत. महिन्याचे 25,000, मूळ वेतन 12,500. कंपनीचा पीएफ 1,500 आणि ग्रॅच्युइटी 601 वजा, मग स्वतःचा पीएफ 1,500 आणि व्यवसाय कर 200. हातात 21,200. घर छत्रपती संभाजीनगरात असेल आणि पेट्रोलला 2,000 लागत असतील तर शिल्लक 19,200, म्हणजे पुण्यापेक्षा जास्त. घर किनवटला किंवा अंबाजोगाईला असेल तर बजाजनगरात खोली घ्यावीच लागेल, आणि मग हिशेब फिरतो. म्हणून एकाचं पॅकेज दुसऱ्याच्या पॅकेजशी ताडून पाहण्याला काही अर्थ उरत नाही. प्रत्येकानं आपला कागद आपणच मांडायचा.

शिल्लक जवळपास सारखी निघाली की पैशाचा मुद्दा बाजूला पडतो आणि मग मूल्यांचा प्रश्न उघडा होतो. पुण्यात तीन-चार वर्षांत दोन नोकऱ्या बदलून पगार वाढवण्याची संधी जास्त, ओळखी जास्त, एकटेपणाही जास्त. वाळूजला पगार हळू वाढेल, पण आईच्या डायलिसिसला, बापाच्या फवारणीच्या हंगामाला माणूस हाताशी. पहिल्याला महत्त्वाकांक्षी आणि दुसऱ्याला घरकोंबडा म्हणणं सोपं आहे. दोघंही आपापल्या अँकरशी इमान राखून आहेत.

नोकरी कुठं करायची याहून नोकरीत काय करावं लागेल हा प्रश्न जास्त खोल जातो, आणि तो प्लेसमेंटच्या दिवशी कुणी विचारत नाही. इथं बीबीए, एमबीएच्या मुलांना सहज मिळणाऱ्या नोकऱ्यांत मायक्रोफायनान्स कंपनीतलं फील्ड ऑफिसरचं काम असतं. गावोगावच्या महिला गटांना कर्ज द्यायचं, केंद्र बैठकीत हप्ते गोळा करायचे. रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम स्पष्ट आहेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज या वर्गात येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही.

आता प्रत्यक्ष फॉर्म भरण्याचा क्षण पाहा. घराचं महिन्याचं उत्पन्न 14,000 आहे. निम्मे म्हणजे 7,000. आधीच्या कर्जांचे हप्ते 5,200 चालू आहेत, म्हणजे नव्या हप्त्याला जागा उरली 1,800 ची. कंपनीच्या योजनेतला हप्ता 2,300 आहे. उत्पन्नाच्या रकान्यात 14 च्या जागी 15 हजार लिहिले की निम्मे होतात 7,500, आणि 2,300 बरोबर बसतात. एक आकडा बदलायचा. महिनाअखेर आहे, टार्गेट दोन कर्जांनी कमी पडतंय, आणि समोरची बाई स्वतःच म्हणतेय, ‘लिहा ना भाऊ पंधरा, तेवढं तर होतंच की.’ बीड जिल्ह्यात तर आणखी एक पेच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती हंगामाच्या तोंडावर एकदम, आणि मग सहा महिने घर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. त्याचं ‘महिन्याचं उत्पन्न’ काढायचं कसं? बारा महिन्यांची सरासरी काढली तर आकडा छान दिसतो, पण पावसाळ्यात हातात काहीच नसतं आणि हप्ता तेव्हाही असतोच.

हा रकाना भरताना कुणाचा हात थांबतो आणि कुणाचा चालतो, यावर तो माणूस त्या कामात टिकणार की वर्षात सोडणार हे बरंचसं ठरतं. हात थांबणाऱ्यानं हे क्षेत्रच सोडावं असं मी म्हणणार नाही. ज्या शाखेत साहेबच नियम पाळतो तिथं अशाच मुलांची गरज असते. मुलाखतीत विचारण्याजोगा प्रश्न एकच. ‘टार्गेट चुकलं की त्या महिन्यात काय होतं?’ उत्तरात आकडे आणि पद्धत आली तर ठीक. उत्तर हसण्यावारी गेलं तर समजून घ्यावं.

असाच क्षण बियाणं-खतांच्या विक्रीतही येतो. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको सुरू केली, पुढं 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालना बियाण्यांचं गाव म्हणून नावारूपाला आलं. इथल्या मुलांना कृषी निविष्ठांचा बाजार घरचाच वाटतो आणि सेल्सची नोकरी पटकन आवडते. हंगाम मे-जूनचा, त्या दोन महिन्यांत घरी जेवायला येण्याचीही मारामार. दुकानदाराकडं माल उधारीवर उतरवायचा, पेरणी लांबली की परत आलेला माल मोजायचा. हे कष्टाचं झालं. मूल्याचा प्रश्न येतो तो लिंकिंगच्या वेळी, म्हणजे शेतकऱ्याला हव्या असलेल्या युरियाच्या गोणीसोबत नको असलेली द्रावणं गळ्यात मारताना. ज्याचा बाप स्वतः अशा दुकानासमोर उभा राहिलेला आहे, त्याला ते बिल फाडायला सांगितलं जातं.

याच्या उलट बाजूला शेतकरी उत्पादक कंपन्या, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या एफपीओ, आहेत. केंद्राची 10,000 एफपीओ उभ्या करण्याची योजना फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू झाली. तीन वर्षांसाठी प्रति कंपनी 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्चाची मदत ठेवली गेली, त्यातूनच सीईओचा आणि हिशेबनिसाचा पगार निघतो. समाजासाठी काही करायचंय असं म्हणणाऱ्या एमबीएच्या मुलाला हे काम शोभतं खरं, पण ते दिसतं तितकं हळवं नाही. सोयाबीन खरेदीच्या दिवशी काय होतं ते पाहू. ट्रॉली आली, पोत्यांतून नमुना काढला, मॉइश्चर मीटरवर ओलावा 16 टक्के निघाला. दर 12 टक्के ओलाव्याचा ठरलेला आहे. मग 10 क्विंटलला किती कडता, म्हणजे वजनातली घट, कापायचा? चार टक्के, म्हणजे 40 किलो, हे उत्तर बरोबर नाही. 16 टक्के ओलाव्याच्या मालात कोरडा भाग 84 टक्के, 12 टक्क्यांच्या मालात 88 टक्के. 84 ला 88 नं भागलं की 0.9545 येतं, म्हणजे 10 क्विंटलचे 9 क्विंटल साडेचौपन्न किलो धरायचे आणि साधारण 45 किलो कापायचे. मोंढ्यात कुणी 60 किलो कापले तर जास्तीचे 15 किलो गेले. क्विंटलला 4,500 दर असेल तर 675 रुपये, एका ट्रॉलीमागं. उलट प्रेमापोटी 30 किलोच कापले तर गोदामात माल वाळल्यावर तूट कंपनीच्या, म्हणजे सभासदांच्याच अंगावर येते.

सेवाभाव म्हणून आलेली बरीच मुलं इथंच अडखळतात. त्यांना माणसं आवडतात, कडता काढणं आवडत नाही. अनुदानाची तीन वर्षं संपायच्या आत खरेदी-विक्रीच्या नफ्यातून स्वतःचा पगार निघेल असा धंदा उभा करावा लागतो, नाहीतर कार्यालयाचं भाडंही थकतं. म्हणून ज्याचा कल खरोखर सेवेकडं आहे त्यानं फायनान्स आणि ऑपरेशन्सचे विषय जास्त मन लावून शिकावेत असं माझं ठाम मत आहे. ज्यांना फक्त पगार हवा आहे त्यांचं काम जुजबी हिशेबावर निभावतं. शेतकऱ्यांच्या पैशाची जबाबदारी घेणाऱ्याचं निभावत नाही.

स्पर्धा परीक्षेबद्दल थोडक्यात. एमबीए होऊन अभ्यासिकेत बसलेली मुलं संभाजीनगरात, लातुरात, नांदेडात हवी तितकी भेटतील. बँक पीओसाठी खुल्या गटाला वयाची मर्यादा 30 आहे, एमपीएससीला 38. या आठ वर्षांच्या फरकात अनेकांची उमेद जिरते. स्थैर्य हा ज्याचा अँकर आहे त्यानं जरूर बसावं. फक्त किती प्रयत्न द्यायचे ते पहिल्या निकालाच्या आधी ठरवून घरात सांगून टाकावं, कारण निकालानंतर घेतलेला निर्णय बहुधा त्या एका निकालाच्या मार्कांवरून घेतला जातो.

मुलींच्या बाबतीत मूल्य आणि नाइलाज यांची गल्लत फार होते. कॉलेजच्या नोंदीत ‘एचआरची आवड’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात प्रॉडक्शन प्लॅनिंगची जागा असते सकाळच्या पहिल्या शिफ्टची आणि कंपनीची बस घराच्या थांब्यापर्यंत येत नसते. म्हणून आधी विचारावं ते बस, शिफ्ट आणि राहण्याच्या सोयीबद्दल. त्याची उत्तरं मिळाल्यावरही मन एचआरकडंच गेलं तर ती खरी आवड. प्लेसमेंट ऑफिसरनं हे प्रश्न स्वतः कंपनीला विचारले पाहिजेत, मुलीवर सोडू नयेत.

शिक्षणानं मूल्यं बदलतात का? 2000 च्या सुमारास ॲस्पेन इन्स्टिट्यूटनं नामांकित बिझनेस स्कूलांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. कंपनीचं पहिलं कर्तव्य ग्राहकाची गरज आणि मालाचा दर्जा असं मानत आलेली मुलं दोन वर्षांत भागधारकांच्या फायद्याकडं झुकलेली दिसली. आपल्याकडं शिक्षक वर्गात काय शिकवतात यापेक्षा कोणत्या विद्यार्थ्याचा फोटो फलकावर लावतात याचा परिणाम जास्त होतो. फलकावर फक्त पॅकेजचा आकडा असेल तर तेच मूल्य म्हणून मुलांच्या मनात उतरतं. त्याच फलकावर एफपीओचा हिशेब सांभाळणाऱ्याचा, वाळूजमध्ये स्टोअर इनचार्ज झालेलीचा, आडतीचं दुकान जीएसटीत नीट बसवणाऱ्याचा फोटो लावायला पैसे लागत नाहीत.

स्वतःला तपासण्याची सर्वांत चांगली संधी म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरनंतरची समर इंटर्नशिप, सहा ते आठ आठवड्यांची. आणि नेमकी तीच वाया जाते. ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणलं जातं, मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट नाव बदलून झेरॉक्स होतो. जो खरोखर जाईल त्यानं रोज रात्री दोनच ओळी लिहाव्यात. आज कोणतं काम करताना वेळ कळला नाही, आणि आज केलेलं कोणतं काम घरी आईला सांगायला जीभ रेटली नाही. महिनाभरानं त्या नोंदी एकत्र वाचल्या की आठ अँकरांतले निदान चार-पाच गळून पडतात.

ऑफर लेटर आल्यावर सही करण्याआधी बाँडचा, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा, मजकूर वाचावा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेनं घातलेली, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळं ‘बाँडला काही अर्थ नसतो’ हा सीनियरचा सल्ला मानू नये. नोटीस पीरियड 30 दिवसांचा की 90 चा हे पाहावं. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणणाऱ्याला प्रती द्याव्यात, मूळ कागद देऊ नयेत.

आणि नको ते काम समोर आलं तेव्हा ‘हे मी करणार नाही’ म्हणायचं बळ हवं असेल तर त्याची तरतूद पैशातच करावी लागते. 5 लाखांचं शैक्षणिक कर्ज 10 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी असेल तर हप्ता साधारण 6,600 येतो, आणि तो अभ्यासक्रम संपल्यावर बहुधा वर्षभरात सुरू होतो. त्या काळातलं व्याज मुद्दलात चढू नये म्हणून पहिल्या पगारापासूनच भरलेलं बरं. पुण्यातला वरचा खर्च साडेचौदा हजार आणि हा हप्ता मिळून महिना 21,100 चा होतो. नोकरी सोडावी लागली तर निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी हवा, म्हणजे 63,300. साडेपंधरा हजारांच्या शिलकीतून 6,600 चा हप्ता गेला की 8,900 राहतात, म्हणजे घरी काही पाठवायचं नसेल तरी ही रक्कम जमायला सात-आठ महिने लागतात. घरी दरमहा 3,000 पाठवायचे असतील तर जवळपास अकरा. ती वेगळ्या खात्यात जमेपर्यंत हप्त्यावरची बाइक घेऊ नये.